बारा तासांचे औषध

मेंदूतील चेतापेशींचा एखादा समूह अचानक एकाच लयीत, आवर न घालता येणारे विद्युत-आवेग सोडू लागला की शरीराला जो झटका बसतो त्याला बोलीत आकडी किंवा फिट म्हणतात, आणि बाहेरचे कोणतेही तात्कालिक कारण नसताना असे झटके पुन्हा पुन्हा येत राहण्याच्या मेंदूच्या प्रवृत्तीला अपस्मार म्हणतात. कुत्र्यांच्या मेंदूच्या जुनाट विकारांमध्ये हा विकार सर्वाधिक आढळतो. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज सुमारे ०.६ टक्के, म्हणजे दर हजारी सहा कुत्री असा आहे. यांपैकी बऱ्याच कुत्र्यांच्या रक्ताची तपासणी निर्दोष येते, मेंदूच्या एमआरआय चित्रात काही सापडत नाही, दोन झटक्यांच्या मधल्या काळात कुत्रे खाते-पिते, खेळते, घरच्यांना ओळखते, आणि तरीही झटके येतात. अशा अपस्माराला अज्ञातहेतुक अपस्मार म्हणतात. तो साधारणपणे सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होतो, आणि लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल, बॉर्डर कॉली अशा काही जातींत त्याचे प्रमाण अधिक असल्यामुळे त्यामागे आनुवंशिकता आहे हे स्पष्ट दिसते. तो बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. उपलब्ध आहेत ती झटके दाबून ठेवणारी औषधे, आणि ती किती गुण देतात हे औषधाच्या निवडीइतकेच ते रक्तात किती सातत्याने टिकून राहते यावर अवलंबून असते.

औषधाकडे वळण्यापूर्वी झटक्याचे दुसरे कारण नाही याची खात्री करावी लागते. लसीकरण न झालेल्या तरुण कुत्र्याला झटके येत असतील, आणि त्याचा जबडा किंवा एखादा पाय झोपेतही ठरावीक लयीने उडत असेल, तर पहिला संशय डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगाचा घ्यावा लागतो. लहान पिल्लांमध्ये रक्तातील साखर उतरल्याने, पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीमध्ये कॅल्शियम घटल्याने, तर कोणत्याही वयात कीटकनाशक पोटात गेल्याने किंवा यकृत निकामी होत आल्याने असेच झटके येऊ शकतात. पाजत्या कुत्रीला त्या वेळी शिरेतून कॅल्शियम देण्याची गरज असते. तिला अपस्माराच्या गोळ्या सुरू करणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय. सहा वर्षांनंतर प्रथमच झटका आलेल्या कुत्र्यात मेंदूतील गाठीचा विचार करावा लागतो.

एकच झटका आला आणि तो आपोआप थांबला, तर सहसा लगेच औषध सुरू केले जात नाही, कारण काही कुत्र्यांना दुसरा झटका अनेक महिने येत नाही आणि रोजचे औषध एकदा सुरू झाले की ते बहुधा वर्षानुवर्षे द्यावे लागते. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय अपस्मार कृतिगटाने प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके आले, चोवीस तासांत एकापाठोपाठ एक असे झटके आले, एखादा झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा झटक्यानंतरची अवस्था फार तीव्र असली, तर उपचार सुरू करावेत. झटक्यानंतरची अवस्था म्हणजे शुद्धीवर आलेले कुत्रे काही काळ आंधळ्यासारखे भिंतींवर आपटते, घरभर येरझाऱ्या घालते, अधाशासारखे खाते किंवा ओळखीच्या माणसावरही गुरगुरते, तो काळ. काही कुत्र्यांत तो मिनिटांत संपतो, तर काहींत दिवसभर चालतो. घरच्या माणसांना या अवस्थेची झटक्याइतकीच भीती वाटते. हे निकष लागू पडत असताना 'अजून थोडे थांबू' म्हणत महिने घालवणे धोक्याचे आहे, कारण उपचाराविना वारंवार झटके येत राहिलेल्या कुत्र्यात पुढे ते आटोक्यात आणणे अवघड जाते, असे पशुवैद्यकांचे सर्वसाधारण मत आहे.

उपचारात आजही पहिली पसंती ज्या औषधाला दिली जाते ते फेनोबार्बिटोन शंभर वर्षांहून जुने आहे. १९१२ मध्ये जर्मनीतील तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी ते अपस्माराच्या रुग्णांना झोप लागावी म्हणून दिले, तेव्हा रुग्णांचे झटकेही कमी झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. भारतात ते गार्डिनाल या नावाने ओळखले जाते आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मेंदूत चेतापेशींना शांत करणारा गाबा नावाचा रासायनिक संदेशवाहक असतो. तो पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहकाला चिकटला की क्लोराइडचे कण पेशीत शिरतात आणि ती पेशी सहजासहजी आवेग सोडू शकत नाही. फेनोबार्बिटोन हा मार्ग अधिक काळ उघडा ठेवते. त्यामुळे झटका सुरू होण्याची मेंदूतील उंबरठा-पातळी उंचावते, म्हणजे झटका सहजी येत नाही, मात्र झटक्याचे मूळ कारण जागच्या जागीच राहते. म्हणूनच औषध थांबले की संरक्षणही थांबते.

औषधांचे वेळापत्रक समजण्यासाठी अर्धायुकाल ही एकच संकल्पना नीट समजून घेतली तरी पुरते. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. तळाला भोक असलेल्या पिंपात रोज ठरावीक वेळी तेवढेच पाणी ओतत राहावे, म्हणजे काही दिवसांनी गळणारे पाणी आणि ओतले जाणारे पाणी समसमान होऊन पिंपातील पातळी स्थिर राहते, तसेच रक्तातील औषधाचे असते. आणि ही स्थिर पातळी गाठण्यास सुमारे पाच अर्धायुकाल जावे लागतात. नियमित औषध घेणाऱ्या कुत्र्यात फेनोबार्बिटोनचा अर्धायुकाल साधारणपणे दीड ते तीन दिवसांचा असतो, त्यामुळे ही पातळी गाठायला साधारण आठ ते पंधरा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात झटका आला म्हणून औषध निरुपयोगी ठरवणे किंवा परस्पर मात्रा वाढवणे किती चुकीचे आहे ते यावरून कळते.

सुरुवातीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे अडीच ते तीन मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, अशी असते. वीस किलो वजनाच्या कुत्र्याला सकाळी साठ मिलिग्रॅमची एक आणि संध्याकाळी एक गोळी हा हिशेब त्यातूनच निघतो. अर्धायुकाल दोन दिवसांचा धरला, तर एका गोळीनंतर बारा तासांनी औषधाचे सुमारे ८४ टक्के प्रमाण शिल्लक असते. एक गोळी चुकून चोवीस तास गेले, तर ते ७१ टक्क्यांवर उतरते. म्हणजे एका चुकीने सर्व काही संपत नाही, आणि आठवण होताच गोळी देऊन पुढचे वेळापत्रक पूर्ववत ठेवणे सहसा पुरेसे ठरते. दोन गोळ्या एकदम देणे मात्र टाळावे. परंतु आठवड्यातून दोनतीनदा असे घडू लागले, की पातळी सतत खालीवर होत राहते, आणि ज्या कुत्र्याचा मेंदू काठावरच आहे त्याला तेवढा उतार पुरतो. फेनोबार्बिटोनची सवय झालेल्या शरीरात ते एकाएकी बंद झाले, तर औषध सुरू होण्यापूर्वीपेक्षाही तीव्र झटके येऊ शकतात. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना गोळ्यांची पाकिटे घरी राहणे हा म्हणूनच क्षुल्लक विसराळूपणा नव्हे.

त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. फेनोबार्बिटोनचे विघटन यकृतातील विकरे करतात, आणि तेच औषध ती विकरे वाढवते; म्हणजे काही आठवड्यांनी पिंपाचे भोक औषधामुळेच मोठे होते आणि तीच मात्रा चालू असूनही पातळी खाली येते. कुत्रे तीन महिने उत्तम राहिले आणि मग झटके परतले, तर त्याचे कारण बरेचदा हेच असते. त्यासाठी औषध सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी, तसेच मात्रा बदलल्यावर दोन आठवड्यांनी रक्तातील पातळी मोजतात. बहुतेक कुत्र्यांत ती मिलिलीटरमागे २५ ते ३० मायक्रोग्रॅम असावी असा प्रयत्न असतो, आणि ३५च्या वर ती दीर्घकाळ राहिली तर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. ही तपासणी माणसांच्या प्रयोगशाळेतही होते. मात्र रक्त जेल असलेल्या नळीत घेतले तर जेल औषधाचा काही अंश शोषून घेते आणि अहवालातील आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो, ही बाब रक्त घेणाऱ्याला आधी सांगणे हिताचे असते.

अहवालातील इतर आकड्यांकडेही जाणतेपणाने पाहावे लागते. अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे विकर हे औषध घेणाऱ्या अनेक कुत्र्यांत चांगलेच वाढलेले दिसते, आणि ते पाहून घरचे लोक यकृत बिघडल्याच्या समजुतीने गोळ्या बंद करतात. वास्तविक ही वाढ बहुधा औषधाने विकर-निर्मिती चेतवल्याची खूण असते. यकृताचे कार्य खरोखर ढासळत असेल तर रक्तातील अल्ब्युमिन उतरते आणि पित्ताम्लांची चाचणी बिघडते, म्हणून निर्णय त्यांवरून घेतात. थायरॉइडच्या संप्रेरकाचा आकडाही या औषधाने खाली येतो, आणि थायरॉइड निरोगी असतानाही त्याचा उपचार सुरू होण्याची शक्यता निर्माण होते. घरी जाणवणारे परिणाम याहून साधे पण रोजचे असतात: पहिले एकदोन आठवडे कुत्रे गुंगीत राहते, मागच्या पायांत लटपटते, आणि हे ओसरल्यावरही तहान, लघवी व भूक वाढलेली राहते. भूक तर अशी वाढते की कचऱ्याच्या डब्यापासून ताटापर्यंत काहीही सुरक्षित राहत नाही, आणि वजन वाढले की किलोमागे मोजलेली मात्राही अपुरी पडू लागते, म्हणून खाण्याचे माप ठरवून देणे हा उपचाराचाच भाग आहे. क्वचित काही कुत्र्यांत, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात. ताप, हिरड्या फिक्या पडणे किंवा अंगावर रक्ताचे डाग उमटणे दिसले तर त्याच दिवशी रक्ततपासणी व्हायला हवी.

माणसांच्या अपस्मारावर चालणाऱ्या गोळ्या कुत्र्याला चालतीलच असे मात्र नाही. फेनिटॉइन या औषधाचा गुण अमेरिकेतील मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवरील प्रयोगांतून १९३० च्या दशकात शोधला. माणसांमध्ये ते दीर्घकाळ आघाडीचे औषध राहिले आणि एप्टॉइन या नावाने भारतातील असंख्य घरांत पोचले. कुत्र्याचे यकृत मात्र ते काही तासांतच निकाली काढते, त्यामुळे माणसासारखी मात्रा देऊन रक्तात उपयुक्त पातळी टिकतच नाही. घरात आजोबांची गोळी आहे म्हणून कुत्र्याला दिली, की उपचार चालू असल्याचा भास होतो आणि संरक्षण मिळत नाही. माणसांसाठी बनवलेल्या पातळ औषधांचा धोका याहून थेट आहे: त्यांपैकी काहींत गोडीसाठी झायलिटॉल असते, आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरून प्राणावर बेतू शकते.

फेनोबार्बिटोन एकटे पुरेनासे झाले, किंवा यकृताच्या विकारामुळे ते देता येत नसले, तर पोटॅशियम ब्रोमाइडचा विचार होतो. ब्रोमाइडचा अपस्मारावरील गुण इंग्लंडमधील सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये सांगितला. माणसांच्या वैद्यकाने ते पुढे मागे टाकले, पण कुत्र्यांसाठी ते टिकून राहिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अज्ञातहेतुक अपस्मारासाठी कुत्र्यांच्या ब्रोमाइड गोळ्यांना सशर्त मान्यता दिली ती २०२१ मध्ये, म्हणजे ते पशुवैद्यकात रुळल्याला कित्येक दशके उलटून गेल्यावर. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात सहा महिन्यांच्या उपचारात फेनोबार्बिटोनवरील ८५ टक्के कुत्र्यांचे झटके पूर्ण थांबले, तर ब्रोमाइडवरील ५२ टक्क्यांचे. गुणात ते दुय्यम आहे हे खरे, तरी यकृताला त्याचा भार पडत नाही, कारण ते मूत्रपिंडावाटे जसेच्या तसे बाहेर पडते.

ब्रोमाइडचा अर्धायुकाल सुमारे चोवीस दिवसांचा असल्याने त्याची पातळी स्थिरावायला तीन ते चार महिने द्यावे लागतात, आणि एक दिवस चुकला तर जेमतेम तीन टक्के घट होते. दिवसातून एकदाच खाणे घालणे शक्य असलेल्या, सोसायटीच्या आवारात राहणाऱ्या कुत्र्याला बारा तासांच्या औषधापेक्षा हे सोयीचे वाटते, पण इथे खाण्यातील मिठाचा प्रश्न आडवा येतो. मूत्रपिंड ब्रोमाइड आणि क्लोराइड यांत फारसा फरक करत नाही. खाण्यातले मीठ वाढले की क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही अधिक बाहेर टाकले जाते आणि पातळी घसरते, तर मीठ एकदम कमी झाले की ब्रोमाइड साचून कुत्रे सुस्त पडते व मागच्या पायांतून कोसळते. किनारपट्टीवरच्या घरात हे फार जवळून दिसू शकते. रोजच्या भातावर एखाद्या आठवड्यात सुकट किंवा सुक्या बोंबलाचा चुरा पडू लागला, किंवा कुत्रे समुद्रात पोहताना खारे पाणी प्यायले, तर औषध रोज वेळेवर देऊनही झटके परतू शकतात, आणि दोष औषधाला दिला जातो. ज्याला अनेकांच्या हातून वेफर, फरसाण, उरलेले जेवण मिळते त्या रस्त्यावरच्या कुत्र्यात म्हणूनच ब्रोमाइडची पातळी राखणे कठीण असते. ब्रोमाइड घेणाऱ्या कुत्र्याच्या रक्त-अहवालात क्लोराइड अवाजवी वाढलेले दिसते, तेही प्रयोगशाळेच्या यंत्राने ब्रोमाइडलाच क्लोराइड समजल्यामुळे. हे औषध कुत्र्यांचेच आहे. मांजरांना ते दिल्यास फुप्फुसांचा गंभीर दाह होऊ शकतो.

नव्या औषधांतील लेव्हेटिरासिटॅम यकृतावर फारसे अवलंबून नाही आणि त्याचे दुष्परिणाम सौम्य असतात, पण त्याचा अर्धायुकाल अवघा तीन ते सहा तासांचा आहे. तो चार तासांचा धरला तर आठ तासांनी रक्तात केवळ चतुर्थांश औषध उरते आणि एक गोळी चुकून सोळा तास गेले तर सहा टक्के. म्हणजे मध्यरात्रीसह दर आठ तासांनी, किलोमागे सुमारे वीस मिलिग्रॅम देण्याची तयारी असेल तरच ते घेण्यात अर्थ आहे. सोबत फेनोबार्बिटोन चालू असेल तर ते आणखी लवकर निघून जाते आणि मात्रा वाढवावी लागते. दिवसातून दोनदा देण्याच्या संथ विमोचन गोळ्या मिळतात, पण त्या तोडून किंवा चुरून दिल्या की त्यांचा उद्देशच नाहीसा होतो, आणि त्यामुळे लहान चणीच्या कुत्र्याला त्या चालत नाहीत. युरोपात २०१३ पासून मान्यताप्राप्त असलेले इमेपिटॉइन गाबाच्याच ग्राहकावर सौम्यपणे काम करते, त्याची रक्तपातळी मोजावी लागत नाही. मात्र चोवीस तासांत झटक्यांची माळ लागणाऱ्या कुत्र्यांत त्याचा भरवसा कमी आहे. झोनिसामाइड हा आणखी एक पर्याय बहुधा जोडऔषध म्हणून वापरला जातो.

औषध चालू असतानाही एखादा झटका येतोच, आणि त्या वेळी काय करायचे हे आधी ठरलेले असावे. बहुतेक झटके एकदोन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कुत्र्याच्या आसपासच्या टेबल-खुर्च्या सरकवणे, जिन्यापासून त्याला दूर ठेवणे आणि घड्याळ पाहणे एवढेच पुरते. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही, आणि तोंडात चमचा किंवा बोट घातल्याने माणसाला चावा बसतो. कुत्रे स्वतःची जीभ गिळत नसते. पाच मिनिटे उलटूनही झटका चालू राहिला तर शरीराचे तापमान धोकादायक चढते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून पशुवैद्यकाने आधीच लिहून दिलेले तातडीचे औषध घरी ठेवतात. पूर्वी त्यासाठी गुदद्वारातून डायझेपाम देण्याचीच पद्धत होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत नाकातून फवारलेल्या मिडाझोलामने ७० टक्के कुत्र्यांचा झटका थांबला, तर गुदद्वारातील डायझेपामने २० टक्क्यांचा, आणि तेव्हापासून नाकावाटे औषध देण्याकडे कल वाढला आहे. ते दिल्यावरही दवाखाना गाठावाच लागतो. चोवीस तासांत दुसरा झटका आला तरीही तेच.

उपचाराचे यश मोजायला झटक्यांची नोंदवही लागते: तारीख, वेळ, झटका किती मिनिटे चालला, त्याआधी काय घडले, त्या दिवशी गोळी कधी दिली गेली, वजन, उलटी. मोबाइलवर टिपलेले चित्रण तर निदानालाही उपयोगी पडते, कारण हृदयविकाराने आलेली मूर्च्छा आणि अपस्माराचा झटका यांतला फरक वर्णनापेक्षा चित्रात लवकर कळतो. सर्व झटके दीर्घकाळासाठी थांबणे हे उद्दिष्ट असले तरी ते थोड्याच कुत्र्यांत साधते. झटक्यांची संख्या निम्म्यावर येणे, त्यांच्या माळा तुटणे आणि कुत्र्याचे मधले दिवस जागेपणाचे व आनंदाचे राहणे हेही पशुवैद्यक यश मानतात. साधारण पाव ते एक तृतीयांश कुत्र्यांत दोन औषधे योग्य पातळीत देऊनही झटके आटोक्यात येत नाहीत. ही घरच्यांच्या काळजीतली उणीव नसून रोगाचीच चिवट जात असते, आणि अशा घरांना दोष देण्याऐवजी तिसरे औषध, मध्यम साखळीच्या मेदाम्लांनी युक्त आहार यांसारखे पर्याय सुचवणे हे डॉक्टरांचे काम आहे.

एक ते दोन वर्षे एकही झटका आला नाही, तरच औषध कमी करण्याचा विचार करता येतो. तेव्हाही मात्रा दरमहा जास्तीत जास्त एक पंचमांशाने उतरवतात, म्हणजे पूर्ण बंद होण्यास किमान पाच-सहा महिने लागतात, आणि मधेच झटका आला तर शेवटच्या यशस्वी मात्रेवर परत जावे लागते. काही कुत्र्यांत त्या मात्रेवर परतूनही पूर्वीइतके नियंत्रण पुन्हा मिळत नाही, त्यामुळे ज्या कुत्र्याला पूर्वी पाच मिनिटांहून अधिक चाललेले झटके किंवा झटक्यांच्या माळा येत होत्या त्याचे औषध, रक्ताचे अहवाल चांगले असतील तोवर, बहुतेक पशुवैद्यक आयुष्यभर चालू ठेवतात.